मीटर, फूट आणि प्रोग्रामचा अर्थ

मुंबईत घर पाहायला निघालेल्या माणसाला एकाच जागेचा हिशेब दोन मापांत करावा लागतो. दलाल भाव सांगतो तो चौरस फुटाचा. महारेराच्या नोंदीत मात्र चटई क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. समजा, दर चौरस फुटाला ३०,००० रुपये आहे आणि सदनिका ४० चौरस मीटरची आहे. एखाद्या प्रोग्रामने या दोन संख्यांचा सरळ गुणाकार केला, तर किंमत १२ लाख रुपये निघेल. प्रत्यक्षात ४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३०.५६ चौरस फूट, त्यामुळे खरी किंमत सुमारे १ कोटी २९ लाख रुपये होते. मुंबईतला कोणीही माणूस १२ लाखांचा आकडा पाहून लगेच थांबेल, पण संगणक थांबणार नाही. त्याच्या दृष्टीने दोन संख्या आल्या, त्यांचा गुणाकार झाला आणि तो अचूक झाला. असा गुणाकार एखाद्या मोठ्या प्रणालीच्या पोटात, कोणाच्या नजरेस न पडता झाला, तर त्याचे उत्तर पुढच्या शेकडो हिशेबांत मिसळून जाते.

ही चूक प्रोग्राम चालवण्याआधीच पकडता येईल का, हा प्रश्न अभियंत्याला सुचणारा आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण त्याच्यामागे आणखी एक प्रश्न उभा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो: अशी चूक नसलेल्या प्रोग्रामबद्दल आपण नेमके काय सिद्ध करू शकतो? अँड्र्यू केनेडी या संगणकशास्त्रज्ञाने केंब्रिज विद्यापीठात पीएचडीसाठी आणि त्यानंतर केलेले संशोधन या दुसऱ्या प्रश्नाला भिडते. टाइप थिअरी, म्हणजे मूल्यांच्या वर्गवारीचा अभ्यास, आणि प्रोग्रामिंग भाषांचे सिमँटिक्स, म्हणजे प्रोग्रामच्या अर्थाचा अभ्यास, ही दोन क्षेत्रे सहसा अतिशय अमूर्त भाषेत शिकवली जातात. ती एकमेकांना कशी पूरक ठरतात हे पाहायचे असेल, तर केनेडी यांच्या कामाइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

टाइप ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९०२ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांना पत्र लिहून त्यांच्या तर्कपद्धतीतील विसंगती दाखवून दिली. ‘जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा संच’ स्वतःचा घटक आहे की नाही, असे विचारले की दोन्ही उत्तरे आपल्याच विरोधात जातात. यावर रसेल यांनी काढलेला मार्ग असा होता की वस्तूंच्या पायऱ्या ठरवाव्यात, प्रत्येक पायरीला एक टाइप द्यावा आणि चुकीच्या पायऱ्यांची सरमिसळ करणारे वाक्य खोटे न मानता लिहिण्यालाच अयोग्य मानावे. १९४० मध्ये तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी हीच कल्पना आपल्या लॅम्डा कॅल्क्युलसला जोडली. त्या छोट्याशा गणिती भाषेत फंक्शन, म्हणजे दिलेल्या मूल्यावरून उत्तर काढणारा नियम, बनवणे आणि फंक्शन वापरणे यांखेरीज फारसे काही नव्हते. आजच्या प्रोग्रामिंग भाषांतले टाइप याच वंशातले आहेत. संख्या, अक्षरमाला, सत्य-असत्य अशी मूल्यांची वर्गवारी केली जाते आणि कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, प्रोग्राम चालण्याआधीच तपासतो की कोणतीही क्रिया भलत्याच वर्गातल्या मूल्यावर केली जात नाही.

अशा तपासणीतून मिळणारी हमी गणिताच्या भाषेत मांडण्याचे श्रेय संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांना जाते. १९७८ च्या निबंधात त्यांनी एका छोट्या भाषेतील प्रत्येक प्रोग्रामला गणिती अर्थ दिला आणि त्या अर्थांच्या विश्वात ‘चूक’ नावाचे एक वेगळे मूल्य ठेवले. एखाद्या प्रोग्रामने संख्या आणि सत्य-असत्य यांची बेरीज केली, तर त्याचा अर्थ ‘चूक’ हा ठरतो. मग त्यांनी प्रमेय सिद्ध केले की टाइप-तपासणीतून पार पडलेल्या प्रोग्रामचा अर्थ ‘चूक’ कधीही असू शकत नाही. या प्रमेयातले अर्धे काम टाइपचे आहे आणि अर्धे सिमँटिक्सचे. प्रोग्रामचा अर्थ म्हणजे काय, हे आधी ठरवल्याशिवाय ‘हा प्रोग्राम चुकत नाही’ या विधानालाही अर्थ येत नाही. अर्थ ठरवण्याच्या पद्धती अनेक आहेत. यंत्राने एकेक पाऊल कसे टाकावे याचे नियम लिहिता येतात, प्रोग्रामला एखाद्या गणिती फंक्शनशी जोडता येते, किंवा प्रोग्रामच्या आधी आणि नंतर कोणती विधाने खरी असतील हे मांडता येते. मिल्नर यांची पद्धत यांतली दुसरी होती.

आता घराच्या किमतीकडे वळू. मोजमापांच्या एककांनाच टाइपचा भाग करावे, ही कल्पना केनेडी यांच्या आधीही अनेकांनी मांडली होती. ती अशी की, ‘४०’ ही नुसती संख्या न राहता ‘४० चौरस मीटर’ होते आणि दराचा टाइप ‘रुपये भागिले चौरस फूट’ असा होतो. दोन राशींचा गुणाकार केला की त्यांच्या एककांचाही गुणाकार होतो. बेरीज मात्र एकक तंतोतंत सारखे असेल तरच करता येते. वरच्या गुणाकारातून निघणारे एकक ‘रुपये गुणिले चौरस मीटर भागिले चौरस फूट’ असे होईल. पुढे जिथे नुसते ‘रुपये’ अपेक्षित आहेत तिथे ते बसणार नाही आणि कंपायलर त्या ओळीवर बोट ठेवेल. अकरावीच्या भौतिकशास्त्रात समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या मिती जुळतात का हे आपण तपासतो, तीच तपासणी इथे यंत्र करते.

केनेडी यांनी या तपासणीत एक मोठी सोय आणली. प्रोग्रामरने प्रत्येक ठिकाणी एकक लिहिण्याची गरज राहू नये, कंपायलरनेच ते शोधून काढावे, ही ती सोय. समजा, एका फंक्शनमध्ये वेग आणि वेळ यांचा गुणाकार केला आहे आणि त्यात त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले दोन, हे पद मिळवले आहे. कोणत्याच राशीचे एकक सांगितलेले नाही. कंपायलर वेगाच्या अज्ञात एककाला ‘अ’, वेळेच्या एककाला ‘ब’ आणि त्वरणाच्या एककाला ‘क’ म्हणतो. पहिल्या पदाचे एकक अ × ब, दुसऱ्याचे क × ब × ब. मध्ये बेरजेचे चिन्ह आहे, म्हणून ही दोन्ही सारखी असलीच पाहिजेत; ‘ब’ एकदा दोन्ही बाजूंनी काढून टाकला की उरते अ = क × ब. म्हणजे वेगाचे एकक हे त्वरणाच्या आणि वेळेच्या एककांचा गुणाकार आहे. हा निष्कर्ष केवळ एका बेरजेच्या चिन्हातून निघाला आणि तो मीटर-सेकंदाला लागू आहे तसाच मैल-तासालाही आहे. मिल्नर यांच्या पद्धतीतही कंपायलर टाइप शोधतो, पण तिथे दोन टाइपांची रचना अवयवाला अवयव जुळवून पाहिली की काम भागते. एककांच्या बाबतीत अ × ब आणि ब × अ एकच असतात, वर-खालची सारखी एकके उडून जातात, त्यामुळे नुसती जुळवाजुळव पुरत नाही आणि घातांकांची समीकरणे पूर्णांकांत सोडवावी लागतात. तरीही दरवेळी एक सर्वांत व्यापक उत्तर मिळते, ज्यातून बाकीची सगळी उत्तरे निघतात, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

इथवरचे काम उपयोगी होते, पण त्याच्या मुळाशी एक अडचण होती. मिल्नर यांचे प्रमेय इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. संख्या आणि सत्य-असत्य यांची बेरीज यंत्राला खरोखरच करता येत नाही. फूट आणि मीटर यांची बेरीज मात्र यंत्र निमूटपणे करते. प्रोग्राम चालू असताना एकके कुठे नसतातच, असतात त्या नुसत्या संख्या. मग एककांचे टाइप जुळलेला प्रोग्राम ‘चुकत नाही’ म्हणजे काय करत नाही? संख्येला मुद्दाम एककाची चिठ्ठी जोडून, चिठ्ठ्या न जुळल्यास ‘चूक’ म्हणावे, असा अर्थ रचता येतो. पण ती चिठ्ठी आपणच जोडलेली असल्यामुळे त्या प्रमेयातून प्रोग्रामच्या उत्तराबद्दल काहीही कळत नाही.

केनेडी यांनी उत्तरासाठी संगणकशास्त्रज्ञ जॉन रेनॉल्ड्स यांच्या १९८३ च्या निबंधाचा आधार घेतला. रेनॉल्ड्स यांनी त्यात एका काल्पनिक विद्यापीठाची गोष्ट सांगितली आहे. दोन प्राध्यापक संमिश्र संख्या शिकवतात आणि दोघांची व्याख्या वेगळी असते. त्यांतला एक दोन वास्तव संख्यांची जोडी देतो. दुसराही जोडीच देतो, पण त्याच्या जोडीतली पहिली संख्या ऋण नसते. सुरुवातीचे मूलभूत गुणधर्म सिद्ध झाल्यावर दोन्ही वर्गांची अदलाबदल होते आणि तरी कोणाचे काही अडत नाही, कारण त्यानंतर दोघेही फक्त सामाईक गुणधर्म वापरत असतात. रेनॉल्ड्स यांचे म्हणणे असे होते की टाइपची शिस्त पाळणारा प्रोग्राम आतल्या रचनेवर अवलंबून राहू शकत नाही, म्हणून रचना बदलली तरी त्याचे वागणे बदलत नाही. आणि हे त्यांनी मूल्यांमधल्या संबंधांच्या भाषेत काटेकोर केले.

केनेडी यांनी आतल्या रचनेच्या जागी मोजण्याचे एकक ठेवले. जानेवारी १९९७ मध्ये प्रोग्रामिंग भाषांच्या तत्त्वांवरील वार्षिक परिषदेत, जिला या क्षेत्रातली मंडळी पॉपल म्हणतात, त्यांनी मांडलेल्या निबंधातले मध्यवर्ती प्रमेय साध्या शब्दांत असे आहे: एककांचे टाइप जुळलेला प्रोग्राम एकके बदलली तरी तसाच वागतो. सगळ्या लांबी मीटरऐवजी फुटांत दिल्या, तर प्रत्येक लांबीची संख्या सुमारे ३.२८ पट होईल, प्रत्येक क्षेत्रफळाची संख्या त्या गुणकाच्या वर्गाइतक्या पटीने वाढेल, आणि प्रोग्रामची उत्तरेही आपापल्या टाइपमध्ये लिहिलेल्या घातांकाप्रमाणे, नेमकी तेवढ्याच पटीने बदलतील. आता या हमीत यंत्राला दिसणाऱ्या संख्यांबद्दलच विधान आहे, चिठ्ठ्यांबद्दल नाही.

या प्रमेयाची सिद्धता ज्या मार्गाने जाते तो मार्ग सिमँटिक्सच्या अभ्यासात वारंवार भेटतो, म्हणून तो पाहण्यासारखा आहे. प्रत्येक टाइपसाठी ‘जुनी संख्या’ आणि ‘नवी संख्या’ यांच्यातला संबंध ठरवायचा: लांबी असेल तर नवी संख्या जुनीच्या गुणकपट, क्षेत्रफळ असेल तर गुणकाच्या वर्गपट. फंक्शनांसाठी संबंध असा ठरवायचा की संबंधित मूल्ये आत घातली तर संबंधित मूल्येच बाहेर यावीत. मग भाषेतली प्रत्येक मूलभूत क्रिया हा संबंध जपते का, हे एकेक करून तपासायचे. दोन्ही पदे सारख्या पटीने वाढली तर बेरीजही तेवढ्याच पटीने वाढते. गुणाकारात पटींचा गुणाकार होतो. शून्य सगळ्याच एककांत शून्य असते. प्रत्येक क्रिया संबंध जपत असेल, तर त्या क्रियांपासून बनलेला कितीही मोठा प्रोग्राम तो जपतो. यात शून्याखेरीज इतर स्थिरांकांना सूट नाही, आणि ते आवश्यकच आहे. ‘क्षेत्रफळ ६०० पेक्षा जास्त असेल तर’ अशी अट कोणत्याही एककाला चालणाऱ्या फंक्शनमध्ये लिहिताच येत नाही. ‘६०० चौरस फूट’ असे लिहिले की ते फंक्शन फक्त चौरस फुटांचे होऊन जाते.

या हमीतून जे हाती लागते ते मला या संशोधनातले सर्वांत सुंदर वाटते. समजा, कोणीतरी आपल्याला ‘फ’ नावाचे एक फंक्शन दिले. आतला मजकूर दाखवलेला नाही, फक्त टाइप सांगितला आहे: कोणत्याही एककातली राशी घेते आणि त्याच एककातली राशी देते. प्रमेयानुसार आत जाणारी संख्या ‘ग’ पट केली, तर उत्तरही ‘ग’ पट व्हायला हवे. म्हणून १ दिल्यावर उत्तर ३ आले असेल, तर १० दिल्यावर ३० आणि १,००० दिल्यावर ३,००० येणार. एका चाचणीत सर्व धन संख्यांसाठी ‘फ’ चे संपूर्ण वागणे कळले. एरवी हजार चाचण्या केल्या तरी हजार एकाव्या वेळी काय होईल, हे चाचण्या सांगू शकत नाहीत. सिद्धान्त आदर्श संख्यांसाठी आहे, संगणकातल्या दशांशांच्या गोळाबेरजेमुळे शेवटच्या एखाद्या अंकात फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवायला हवे. पण त्यामुळे मुद्द्याला बाधा येत नाही.

दुसरा परिणाम अधिक चकित करणारा आहे. ‘कोणत्याही एककाच्या वर्गातली राशी घ्या आणि त्या एककातली राशी द्या’ असा टाइप असलेले फंक्शन म्हणजे स्वाभाविकपणे वर्गमूळ. ४९ चौरस मीटर दिले की ७ मीटर. केनेडी यांनी सिद्ध केले की नेहमीच्या अंकगणिती क्रियाच वापरून सर्व एककांना चालणारे असे वर्गमूळ लिहिता येत नाही. भाषेत फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार असतील, तर याचे कारण दोन ओळींत सांगता येते. एकक बदलण्याचा गुणक −१ घ्या. चारही क्रिया तो निमूटपणे सोसतात. वर्गातल्या राशीला −१ चा वर्ग, म्हणजे १ ने गुणले जाते, म्हणून आत जाणारी संख्या तीच राहते. बाहेर येणारी संख्या मात्र −१ ने गुणली गेली पाहिजे. तीच संख्या आत गेल्यावर तेच उत्तर येते, म्हणून उत्तर स्वतःच्याच ऋणाइतके असायला हवे. आणि अशी संख्या शून्याशिवाय दुसरी नाही. लहान-मोठेपणाची तुलना भाषेत आली की ऋण गुणक चालत नाही आणि युक्तिवाद अधिक बारकाईने करावा लागतो. प्रोग्रामरच्या अनुभवातही याचा पडताळा येतो. न्यूटनच्या पद्धतीने वर्गमूळ काढायचे तर सुरुवातीचा एक अंदाज लागतो, तो मीटरमध्ये असावा लागतो, आणि हाती नुसते चौरस मीटर असताना मीटर आणायचे कुठून? म्हणूनच एककांचे टाइप असलेल्या भाषेत वर्गमूळ मुळातूनच पुरवावे लागते.

तिसऱ्या परिणामाने हे संशोधन भौतिकशास्त्राला जाऊन मिळते. लंबकाच्या आंदोलनकाळाचा वर्ग काढणारे एक फंक्शन घ्या, ज्याला वस्तुमान, दोरीची लांबी, गुरुत्व त्वरण आणि झोक्याचा कोन अशा चार गोष्टी दिल्या जातात. त्याच्या टाइपवरूनच दिसते की वस्तुमानाचे एकक उत्तरात येत नाही, म्हणून वस्तुमानाचा परिणाम उत्तरावर होऊ शकत नाही. आणि उत्तर ‘लांबी भागिले गुरुत्व त्वरण, गुणिले कोनावर अवलंबून असलेली एक संख्या’ याच स्वरूपाचे असले पाहिजे. चार राशींचे फंक्शन प्रत्यक्षात एका राशीच्या फंक्शनाइतकेच आहे. मितीय विश्लेषणातला बकिंगहॅम यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त हेच सांगतो, आणि केनेडी यांनी दाखवले की साध्या फंक्शनांच्या बाबतीत तो दोन टाइपांच्या समरूपतेच्या, म्हणजे एकातले मूल्य काहीही न गमावता दुसऱ्यात आणि परत पहिल्यात नेता येण्याच्या, भाषेत मांडता येतो. भौतिकशास्त्रज्ञ निसर्गाच्या नियमांबद्दल जे गृहीत धरतात, ते इथे प्रोग्रामबद्दल सिद्ध केलेले आहे.

हे काम कागदावर राहिले नाही. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधील संशोधनशाळेत डॉन साइम यांनी घडवलेल्या एफ शार्प या भाषेत एककांचे टाइप केनेडी यांच्या कामातूनच आले आणि २०१० मध्ये ती भाषा व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाबरोबर सर्वसामान्य प्रोग्रामरांच्या हाती पडली. प्रोग्राम तयार झाल्यावर एकके पुसली जातात, त्यामुळे वेगावर काहीही भार पडत नाही. मात्र याच्या मर्यादेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. एककांच्या चुकीचे उदाहरण म्हणून नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरचे नाव नेहमी घेतले जाते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण आवेगाचे आकडे एका प्रणालीने पाउंड-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले. फरक सुमारे ४.४५ पटींचा होता. पण हे आकडे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात फाइलवाटे गेले होते. फाइलमध्ये नुसत्या संख्या लिहिल्या आणि वाचणाऱ्याने आपल्या मनाने एकक लावले, तर दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी टाइपशुद्ध असूनही अपघात होईल. हमी प्रोग्रामच्या सीमेपर्यंतच असते. सीमेवर संख्येबरोबर एककही पाठवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था माणसांनीच करावी लागते.

दुसरी मर्यादा गणिती आहे आणि तिच्यातून पुढचे संशोधन निघाले. महाबळेश्वरला १६ अंश सेल्सिअस आणि मुंबईत ३२ अंश असताना मुंबई दुप्पट उष्ण आहे असे म्हणता येत नाही, कारण फॅरनहाइटमध्ये हेच आकडे ६०.८ आणि ८९.६ होतात. सेल्सिअसवरून फॅरनहाइटवर जाताना नुसते गुणून भागत नाही, ३२ मिळवावेही लागतात. म्हणजे शून्याची जागाच सरकते. घड्याळातली वेळ आणि नकाशावरचे स्थान यांचेही तसेच आहे. दोन तापमानांची वजाबाकी अर्थपूर्ण आहे, बेरीज नाही. २०१३ मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकी, पॅट्रिशिया जोहान आणि केनेडी यांनी हा सिद्धान्त व्यापक करून, गुणकांबरोबरच सरकवणे आणि फिरवणे यांसारख्या बदलांनाही टाइपमध्ये स्थान दिले, ज्यामुळे भूमितीतल्या आकृत्यांवर काम करणाऱ्या प्रोग्रामबद्दलही अशीच प्रमेये मिळू लागली. पुढच्याच वर्षी अ‍ॅटकी यांनी गणितज्ञ एमी नोएथर यांच्या १९१८ च्या प्रमेयापर्यंत हा धागा नेला: एखाद्या भौतिक प्रणालीचे वर्णन काळ सरकवल्याने बदलत नसेल, तर तिची ऊर्जा अक्षय्य राहते, आणि ‘काळ सरकवल्याने बदलत नाही’ ही गोष्ट त्या वर्णनाच्या टाइपवरूनच वाचता येते. हे दोन्ही निबंध पॉपलमध्येच मांडले गेले. त्यानंतरची, जानेवारी २०१५ ची पॉपल परिषद मुंबईत भरली होती.